रिपोर्टमधला 'फ्लेबोलिथ' म्हणजे मुतखडा नव्हे

पोटदुखीसाठी एक्स-रे किंवा सीटी स्कॅन काढला आणि रिपोर्टमध्ये 'फ्लेबोलिथ' असा शब्द आला, की घरात घबराट होते. मग तो कागद वस्तीतल्या कार्यकर्त्याकडे येतो. कोणी मुतखडा समजून काढे पीत असतो, कोणी ऑपरेशनसाठी कर्ज शोधत असतो. म्हणून हा शब्द आपल्याला माहीत हवा.

फ्लेबोलिथ म्हणजे शिरेतला खडा. रक्त जिथे संथ वाहते तिथे शिरेत बारीक गुठळी होते. ती विरघळली नाही तर घट्ट होते आणि तिच्यात कॅल्शियम साचत जाते. असे खडे बहुधा ओटीपोटात, मूत्राशयाच्या आसपासच्या शिरांत असतात. आकार साधारण 2 ते 5 मिलिमीटर. चाळिशीनंतर ते पुष्कळांच्या फोटोत दिसतात. मूत्रवाहिनी जवळूनच जाते, त्यामुळे गोंधळ होतो. फ्लेबोलिथ गोल असतो, अनेकदा मधोमध फिकट दिसतो. शंका उरलीच तर साध्या सीटी स्कॅनने बहुतेकदा उलगडा होतो.

उपचार? बहुतेकांना काहीच नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी कॅल्शियम विरघळत नाही. शिरांच्या जन्मजात गाठीत किंवा फुगलेल्या शिरेत खडा होऊन दुखत असेल, तरच दाबाचे मोजे, इंजेक्शन किंवा शस्त्रक्रियेचा विचार होतो.

घाबरायचे ते ताज्या गुठळीला. एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखू लागली, गरम लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून डॉपलर सोनोग्राफी करावी. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर धाप लागते, छातीत दुखते, जीवही जातो. इथे मात्र रक्त पातळ करणारे औषध लागते, साधारणपणे किमान 3 महिने. बरे वाटले म्हणून ते मनाने बंद करू नये.

विदर्भात आपल्या समाजात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. या आजारात शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो, गरोदरपणात आणखीच. पण पाय दाखवायला गेलेला माणूस सिकलसेलचे सांगत नाही, आणि गर्दीच्या ओपीडीत कोणी विचारतही नाही. आपणच आधी सांगावे, तपासणीचा कागद सोबत न्यावा.

दीक्षाभूमीला किंवा 6 डिसेंबरला चैत्यभूमीला जाताना आठ-दहा तास पाय लोंबकळत बसावे लागते. गाडी थांबली की वयस्कांना खाली उतरवून चार पावले चालवा. उतरता येत नसेल तर बसल्या जागी पंजे वर-खाली करायला सांगा, आणि पाणी प्यायला द्या.