शालेय मालमत्ता कर, अमेरिकेतील

शालेय मालमत्ता कर, अमेरिकेतील : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सार्वजनिक शाळांच्या खर्चासाठी जमीन, घरे, दुकाने, कारखाने इ. मुख्यत्वे स्थावर मालमत्तेवर स्थानिक पातळीवर आकारण्यात येणारा कर. अमेरिकेच्या संविधानात शिक्षणाचा उल्लेख नाही. त्यामुळे ती जबाबदारी घटक राज्यांकडे असून बहुतेक राज्यांनी शाळा चालविण्याचे काम शाळाजिल्ह्यांकडे सोपविले आहे. शाळाजिल्हा म्हणजे शाळांच्या व्यवस्थेपुरते आखलेले स्थानिक क्षेत्र होय. देशात असे सु. १३,००० जिल्हे असून त्यांपैकी बहुतेकांचा कारभार लोकनियुक्त शिक्षण मंडळ पाहते. शाळांच्या एकूण महसुलात राज्य शासन व स्थानिक संस्था यांचे वाटे साधारणपणे सारखे, म्हणजे प्रत्येकी ४५ टक्क्यांच्या आसपास असतात. उरलेला अल्प भाग संघीय शासनाकडून येतो. स्थानिक वाट्यातील सु. चार-पंचमांश रक्कम मालमत्ता करातून मिळते.

इतिहास : मॅसॅचूसेट्स वसाहतीने १६४७ मध्ये कायदा करून पन्नास कुटुंबांच्या प्रत्येक गावाने लेखन-वाचन शिकविणारा शिक्षक नेमावा, असे बंधन घातले. १७८५ च्या भूमिविषयक अध्यादेशानुसार पश्चिमेकडील नव्या प्रदेशात प्रत्येक नगरक्षेत्राचे छत्तीस भाग पाडून त्यांतील सोळावा भाग शाळेसाठी राखून ठेवण्यात आला. एकोणिसाव्या शतकात होरेस मान (१७९६–१८५९) या शिक्षणसुधारकाने करावर चालणाऱ्या निःशुल्क शाळांचा हिरिरीने पुरस्कार केला. संपत्ती ही एका पिढीची नसून येणाऱ्या सर्व पिढ्यांची ठेव आहे. म्हणून ज्याला मूल नाही, त्यानेही शाळेसाठी कर द्यावा, अशी त्याची भूमिका होती. स्थावर मालमत्ता लपविता किंवा अन्यत्र नेता येत नाही आणि मंदीच्या काळातही तिच्यापासूनचे उत्पन्न तुलनेने स्थिर राहते, ही या कराची सोय ठरली. १९१९–२० मध्ये शाळांच्या महसुलाचा सु. ८३ टक्के भाग स्थानिक होता.

आकारणी : प्रथम मूल्यनिर्धारक मालमत्तेची किंमत ठरवितो. तिचा कायद्याने ठरविलेला भाग करपात्र मानला जातो. अंदाजपत्रकातील खर्चातून राज्याचे अनुदान व इतर उत्पन्न वजा करून उरलेली रक्कम जिल्ह्यातील एकूण करपात्र मूल्याने भागली की, कराचा दर निघतो. हा दर पुष्कळ ठिकाणी ‘मिल’ या परिमाणात सांगतात. एक मिल म्हणजे डॉलरचा हजारावा भाग. उदा., २,००,००० डॉलर किंमतीच्या घराचे निम्मे मूल्य करपात्र असेल आणि दर २० मिल असेल, तर घरमालकास वर्षाला २,००० डॉलर कर पडेल. भाडेकरूंवरही भाड्याच्या रूपाने याचा काही भार पडतो. अनेक राज्यांत दरवाढीस किंवा इमारतींसाठी काढावयाच्या कर्जरोख्यांस मतदारांची संमती लागते.

विषमता : ज्या जिल्ह्यात मालमत्ता मौल्यवान, तेथे थोड्या दरानेही भरपूर पैसा उभा राहतो, गरीब जिल्ह्यात चढ्या दरानेही तो पुरत नाही. टेक्सस राज्यातील सॅन अँटोनिओ शहर परिसरातील दोन शाळाजिल्ह्यांचे १९६७–६८ चे आकडे या दृष्टीने बोलके आहेत. एजवुड येथे दर विद्यार्थ्यामागे करपात्र मालमत्ता ५,९६० डॉलरची होती, तर अ‍ॅलमो हाइट्स येथे ती ४९,००० डॉलरहून अधिक होती. एजवुडने शंभर डॉलरमागे १·०५ डॉलर कर घेऊनही, राज्याच्या किमान निधियोजनेतील आपला वाटा वजा जाता, दर विद्यार्थ्यामागे २६ डॉलरच उरले. अ‍ॅलमो हाइट्सला मात्र ०·८५ डॉलर दराने ३३३ डॉलर मिळाले. एजवुडमधील पालकांनी दाद मागितली. परंतु संघीय संविधानाने शिक्षणाचा मूलभूत हक्क दिलेला नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ही पद्धती वैध ठरविली.

उपाययोजना : त्यानंतर हा झगडा मुख्यत्वे राज्यांच्या न्यायालयांत व विधिमंडळांत चालला. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच अशी विषमता अवैध मानली होती. तेथील मतदारांनी १९७८ मध्ये मालमत्ता करावर मूल्याच्या एक टक्क्याची मर्यादा घातली आणि शाळांचा भार राज्याच्या तिजोरीकडे सरकला. टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये राज्याची पद्धती रद्द ठरविली. तेव्हा १९९३ च्या कायद्याने श्रीमंत जिल्ह्यांच्या महसुलाचा काही भाग इतरांकडे वळविण्यात आला. मिशिगनने १९९४ मध्ये शालेय मालमत्ता कर घटवून विक्रीकर चारावरून सहा टक्के केला. हवाई राज्यात सबंध राज्याचा एकच शाळाजिल्हा असून शाळा मालमत्ता करावर अवलंबून नाहीत.

महाराष्ट्रातही १९६२ च्या अधिनियमान्वये शहरांतील जमिनी व इमारतींवर शिक्षण उपकर आकारला जातो; मात्र तो राज्याच्या तिजोरीत जमा होतो, त्या त्या वस्तीतील शाळेशी त्याचा थेट संबंध नसतो. याउलट अमेरिकन पद्धतीत कर देणारा, खर्च ठरविणारा व शाळा पाहणारा समाज एकच असतो. तिचे बळ यातच आहे आणि तिचा दोषही; कारण मुलाच्या शिक्षणावर होणारा खर्च त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरांच्या किंमतीवर ठरू लागतो. स्थानिक स्वायत्तता राखून ही विषमता कशी दूर करावी, हाच तेथील शालेय वित्तव्यवस्थेपुढील मुख्य प्रश्न होय.