कोंडा गोठ्यात, साखर रक्तात!

मागच्या दिवाळीनंतर मी स्वतःचे रक्त तपासून घेतले. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी ६.२ निघाली. हा आकडा ५.७ च्या खाली असावा लागतो आणि ६.५ झाला की मधुमेह म्हणतात. म्हणजे मी उंबरठ्यावर उभा होतो. वजन बेताचे, सकाळचे फिरणे नेमाचे, चहा बिनसाखरेचा. रोग्यांना उपदेश करणाऱ्या डॉक्टरचीच ही गत! माझ्या वडिलांना मधुमेह होता. शेवटच्या तीन वर्षांत त्यांना स्वतःच्या घराची वाटही आठवेनाशी झाली होती. त्यामुळे तो कागद पाहून मी खरोखर घाबरलो.

घरी आलो तेव्हा सौभाग्यवती कणीक चाळत होत्या. मी विचारले, "हा कोंडा कुठे जातो?"

"अहो, कुठे म्हणजे? शेजारच्या गाईला!"

पोळी पांढरी, मऊ व्हावी म्हणून ती बारीक चाळणी बाजारातून मीच आणून दिली होती.

वाचकहो, या कोंड्यातच धान्याचा चोथा, म्हणजे तंतू असतात. ते आपल्याला पचत नाहीत, म्हणून निरुपयोगी वाटतात. पण त्यांचे काम मोठे आहे. तंतूंमुळे साखर रक्तात हळूहळू उतरते, पोट लवकर भरते आणि शौचाला साफ होते. ओट, डाळी, कडधान्ये, पेरू यांतील काही तंतू कोलेस्टेरॉलही कमी करतात.

चोथा आणि मेंदू

पोटातल्या चोथ्याचा डोक्याशी काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध दोन वाटांनी येतो. वर्षानुवर्षे वाढलेली साखर आणि रक्तदाब मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या खराब करतात. म्हणूनच मधुमेह्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका जास्त असतो. दुसरी वाट मोठ्या आतड्यातून जाते. तिथले जिवाणू तंतू आंबवून काही आम्ले तयार करतात. ती आतड्याच्या अस्तराचे पोषण करतात आणि शरीरातील दाह कमी ठेवण्यास मदत करतात.

जपानमध्ये ३,७३९ लोकांवर अनेक वर्षे नजर ठेवण्यात आली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, आहारात तंतू जास्त असणाऱ्यांना पुढे स्मृतिभ्रंशाने अपंगत्व येण्याचे प्रमाण कमी आढळले. लंडनमध्ये साठीपुढच्या जुळ्या भावंडांच्या ३६ जोड्यांपैकी प्रत्येकी एकाला बारा आठवडे तंतूंची पूड दिली. २०२४ च्या त्या अहवालानुसार पूड घेणाऱ्यांनी स्मरणशक्तीच्या चाचणीत चांगले गुण मिळवले. हे प्रयोग लहान आहेत. गेलेली आठवण चोथ्याने परत येते, असा अर्थ कुणी काढू नये. वडिलांच्या बाबतीतही हे एकच कारण होते, असे मी म्हणणार नाही.

बारीक आहे म्हणून निर्धास्त नको

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे, की भारतीय माणूस दिसायला सडपातळ असला तरी त्याच्या अंगात चरबीचे प्रमाण जास्त असू शकते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ च्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत आणि १३.६ कोटी लोक माझ्यासारखे उंबरठ्यावर आहेत.

आपल्या वाशीम जिल्ह्यात एकेकाळी घरोघरी ज्वारीची भाकरी होती. सकाळी कण्या आणि ताक, हिवाळ्यात हुरडा. पुढे सोयाबीन आले. ज्वारीला पाखरांचा आणि रानडुकरांचा त्रास, वर भावही बेताचा. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला. शेतकऱ्याला मी दोष देत नाही. पण ज्वारीबरोबर ताटातला चोथाही घटला.

मात्र गहू हा गुन्हेगार नाही. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, न चाळलेल्या कणकेत ११. मैदा आणि पांढऱ्या तांदळात ते तीन ग्रॅमही भरत नाहीत. अख्ख्या हरभऱ्यात मात्र तब्बल २५! आणि हरभरा तर आपल्याच शेतात पिकतो.

ताट कसे असावे?

प्रौढ माणसाला दिवसाला साधारण ३० ग्रॅम तंतू हवेत. १०० ग्रॅम पिठाच्या भाकरी (१० ग्रॅम), मूठभर हरभऱ्याची उसळ (१०), वाटीभर तुरीचे वरण (३) आणि दोन वेळा पालेभाजी किंवा शेंगभाजी (६ ते ८). झाला हिशेब! वर एक पेरू खाल्ला तर दुधात साखरच, पण तब्येतीला न बाधणारी.

काही पथ्ये सांगतो.

• कणीक चाळायचीच असेल तर मोठ्या भोकांच्या चाळणीने चाळा.

• चोथा एकदम वाढवू नका, पोटात वायू धरतो. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा आणि पाणी भरपूर प्या.

• ज्वारी कितीही खाल्ली तरी चालते, हा गैरसमज आहे. भाकरीनेही साखर वाढते. चार भाकरींपेक्षा दोन भाकरी आणि वाटीभर उसळ बरी.

• मधुमेहाच्या गोळ्या मनाने बंद करू नका. आहार बदलल्यावर साखर उतरू लागली तर डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घ्या.

• मूत्रपिंडाचा विकार किंवा आतड्याचे ऑपरेशन झालेल्यांनी आधी विचारावे.

सहा महिन्यांनी मी पुन्हा रक्त तपासले. आकडा ५.९ आला. भात निम्मा केला होता, चालणे वाढवले होते, त्यामुळे सारे श्रेय कोंड्याला देता येणार नाही. उंबरठा अजून ओलांडून मागे आलेलो नाही. पण ती बारीक चाळणी आता खिळ्यावर टांगली आहे.

कोंड्याचा मांडा करण्याची वेळ गरिबीमुळे येते, असे आपण मानत आलो. आज कोंडा टाकून देणेच महागात पडते आहे. आज घरी गेल्यावर आपलीही चाळणी एकदा पाहा.