परसातली मोसंबी का गळते?

वाटूर शिवारात ऊस नोंदीला गेलो की आम्हाला उसाइतकेच परसातल्या मोसंबीबद्दल विचारले जाते. पाऊस सरत आला की आंबे बहाराची फळे पिवळी पडून पटापट गळतात. गळलेले फळ हातात घेऊन बघा. सालीवर टाचणीएवढे भोक, भोवती चट्टा, दाबले की आंबूस रस. हे काम रस शोषणाऱ्या पतंगाचे. दिवसा तो दिसत नाही; अंधार पडला की येतो, फळात सोंड खुपसतो. त्याच भोकातून बुरशी शिरते.

झाडावर फवारून फारसे साधत नाही, कारण याची अळी मोसंबीवर वाढतच नाही. ती वाढते कुंपणावरच्या गुळवेल-वासनवेलीवर. 2020 च्या कोरोनात काढ्यासाठी लावलेली गुळवेल उपटणे जिवावर येईल. मग पाने उलटून अळ्या तरी वेचा. बांधावरची रानवेल मात्र पावसाळ्यातच काढावी.

गळलेली फळे रोज उचलून पुरा, त्यांच्या वासाने पतंग आणखी येतात. झाडे दोनच असतील तर फळांना जुन्या धोतराच्या पिशव्या बांधा. सायंकाळी ओल्या पाल्याचा धूर करावा.

बागायतदार गूळ-मॅलेथिऑनचे आमिष ठेवतात. परसात पोरे नि कोंबड्या हिंडतात, तिथे ते नको. कपाशीचे उरलेले औषध तर मुळीच नको, पोरे साल दातानेच सोलतात! एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये बंदी घातली. माळ्यावर जुनी बाटली असेल तर तिला हात लावू नका.

वेल ओळखू येत नसेल तर डहाळी गट ऑफिसात आणून दाखवावी.