कोणाकडून आलात?

साताऱ्यात आमचे घर प्लास्टरपर्यंत आले तेव्हा एका रविवारी मी आणि पत्नी गीझर, चिमणी आणि पंखे पाहायला बाजारात गेलो. दुकानदाराने पाणी दिले, खुर्च्या पुढे केल्या आणि वही उघडत विचारले, "साहेब, कोणाकडून आलात?" मी म्हटले, "कुणाकडून नाही, आपले आपणच." तो हसला. "तसं नाही, काम कुणाकडं आहे?" मी कंत्राटदाराचे नाव सांगितले. ते वहीत आमच्या नावापुढे लिहिले गेले आणि मगच दर सांगायला सुरुवात झाली.

त्या नोंदीचा अर्थ पुढे चार महिन्यांनी कळला. माझ्या मेहुण्याचा जुना गीझर बिघडला म्हणून त्याने त्याच दुकानातून आमच्यासारखाच, त्याच मॉडेलचा गीझर आणला. तो आमच्यापेक्षा अकराशे रुपयांनी स्वस्त पडला. त्याचे घर पंधरा वर्षांपूर्वीच बांधून झालेले होते. त्याला 'कोणाकडून आलात' असे कोणी विचारलेच नव्हते.

स्वतः दुकानात गेलो म्हणजे मधला माणूस टळला, हा माझा समज तेव्हा संपला. नव्या घरात बसणाऱ्या उपकरणांवर कंत्राटदाराचा वाटा कसा ठरतो आणि तो केव्हा रास्त व केव्हा गैर असतो, याचा शोध तिथून सुरू झाला.

दस्तुरी आणि अडत

या वाट्याला आपल्याकडे जुनी नावे आहेत. दस्तूर म्हणजे रिवाज. रिवाजाने मिळते ती दस्तुरी. इंग्रजी अमदानीत साहेबाचा खानसामा बाजारातून जिन्नस आणी, तेव्हा दुकानदार त्याच्या हातावर काही टक्के ठेवी. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात या शब्दाची स्वतंत्र नोंद आहे, आणि ही टक्केवारी मालकाच्या परवानगीने असो वा परवानगीवाचून, ती मधल्याच्या हाताला लागते, असा तिचा आशय आहे.

दुसरा शब्द अडत. शेतकऱ्याचा माल अडत्या विकून देतो आणि त्याचा मोबदला कापून घेतो. ही कपात पट्टीवर लिहिलेली असते. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचे ठरवले, तेव्हा व्यापाऱ्यांनी बंद पुकारला, राज्यभर वाद झाला. तो वाद होऊ शकला, कारण अडतीचा आकडा सर्वांना दिसत होता. दस्तुरीवर असा वाद होत नाही; ती कुठल्याच कागदावर नसते. घरबांधणीतला कंत्राटदाराचा वाटा अडतीसारखा मागता येण्याजोगा असूनही तो बहुधा दस्तुरीसारखा घेतला जातो. माझ्या मते सारे दुखणे इथेच आहे.

विकणारा की आणून देणारा?

कंत्राटदाराशी आपला करार साधारण दोन प्रकारचा असतो. पहिला 'विथ मटेरियल': चौरस फुटाला अमुक दर, त्यात सगळे आले. इथे तो विक्रेता आहे. पंखा त्याला कितीला पडला हे विचारण्याचा आपल्याला हक्क नाही. ठरलेल्या मेकचा, ठरलेल्या मॉडेलचा पंखा मिळाला की नाही एवढेच पाहायचे. दुसरा 'लेबर रेट': मजुरी त्याची, माल आपला. पण प्रत्यक्षात आपल्याला वेळ नसतो, म्हणून आपण म्हणतो, "तुम्हीच आणा, बिल मी देतो." हे वाक्य उच्चारताच तो आपला प्रतिनिधी होतो आणि कायदा बदलतो.

भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या कलम २१३ नुसार प्रतिनिधीने मालकाला मागितल्यावर हिशेब दिला पाहिजे. कलम २१६ नुसार प्रतिनिधीने मालकाला न कळवता त्याच कामात स्वतःचा व्यवहार केला, तर त्यातून झालेला फायदा मालक मागू शकतो. नोंदणीकृत वास्तुविशारदांच्या आचारसंहितेतही (१९८९) काम मिळवण्या-देण्यासाठी कमिशन घेण्या-देण्यास मनाई आहे. कंत्राटदार आणि इंटिरियरवाले यांच्यावर अशी कोणतीही वैधानिक परिषद नाही. त्यांच्याबाबतीत आपला करार हीच आचारसंहिता.

किंमत नेमकी कोणती?

उपकरणाच्या खोक्यावर एमआरपी छापलेली असते. वैध मापनशास्त्र कायदा, २००९ आणि त्याखालचे २०११ चे नियम यांनुसार त्याहून जास्त दराने आवेष्टित वस्तू विकता येत नाही. पण एमआरपी किती छापायची हे उत्पादकच ठरवतो. चिमणी, हॉब, नळ, गीझर यांच्यावर ती इतकी वर ठेवलेली असते की तीस-चाळीस टक्के सूट मिळाली तरी गिऱ्हाइकाने पैसे वाचवले असे होत नाही. छापील किंमत आणि डीलरची खरी किंमत यांच्यामधल्या जागेत सगळे उभे असतात: डीलर, कंत्राटदार, इलेक्ट्रिशियन, प्लंबर.

त्यांचा वाटा दर वेळी रोख नसतो. रंगाच्या डब्यात पेंटरसाठी टोकन असते. वायरच्या बंडलावरचा किंवा डिंकाच्या डब्यावरचा कोड मिस्त्री मोबाइलने स्कॅन करतो आणि त्याच्या खात्यात गुण जमा होतात. डीलरकडून वर्षाअखेरीस उलाढालीवर मिळणारी सवलत वेगळी. म्हणून 'खरेदी किमतीवर दहा टक्के' असा करार केला, तरी खरेदी किंमत म्हणजे बिलावरचा आकडा की सगळ्या सवलती वजा जाऊन उरलेला, हे लिहिले नसेल तर त्या दहा टक्क्यांना अर्थ नाही.

रास्त वाटा

इथे कंत्राटदाराची बाजूही मांडली पाहिजे. चिमणीसाठी भिंतीला भोक कुठे पाडायचे, हॉबसाठी ग्रॅनाइट किती कापायचे, गीझरला सोळा अँपिअरचा पॉइंट आणि पाण्याची जोडणी किती उंचीवर द्यायची, हे तो पाहतो. माल उतरवून घेतो, राखतो, फुटला तर बदलून आणतो, डीलरकडे स्वतःची उधारी वापरतो. याचे मोल असतेच. सरकार ते उघडपणे मोजते: केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग दरांचे पृथक्करण करताना कंत्राटदाराचा नफा आणि वरखर्च यांसाठी १५ टक्के धरतो. त्याच्याही कितीतरी आधी कौटिल्याने व्यापाऱ्यासाठी देशी मालावर शेकडा पाच आणि परदेशी मालावर शेकडा दहा नफा ठरवून ठेवला होता. नफ्याला बंदी नव्हती. तो किती, हे मात्र आधीच ठरलेले होते.

करावर टक्के, टक्क्यांवर कर

नफा मान्य केला तरी तो कशावर मोजतात हे पाहावे लागते. समजा, एसीची कर वगळून किंमत ४०,००० रुपये. १८ टक्के जीएसटी ७,२०० रुपये. बिल ४७,२०० चे. कंत्राटदार जीएसटीत नियमित नोंदणीकृत असेल आणि एसी आपल्या बिलातून पुढे देत असेल, तर भरलेले ७,२०० त्याला पुढच्या करातून वळते करून घेता येतात. म्हणजे त्याची खरेदी ४०,००० चीच. त्यावर १५ टक्के धरून ४६,००० आणि त्यावर कर, असे ५४,२८० रुपये आपण देणे योग्य.

पण अनेकदा १५ टक्के ४७,२०० वर लावतात. तिथेच ५४,२८० होतात, आणि या रकमेवर पुन्हा १८ टक्के कर लागून आकडा ६४,०५० वर जातो. एका एसीमागे ९,७७० रुपये जास्त गेले आणि कागदावर नफा मात्र पंधराच टक्के दिसतो. म्हणून कोणत्याही दराला पहिला प्रश्न: कर धरून की कर सोडून?

न दिसणारा तोटा

तरीही वाट्यापायी जाणारे पैसे एकदाच जातात. त्या वाट्यापायी चुकीची वस्तू निवडली गेली, तर ती दर महिन्याला पैसे मागते. साधा छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज घेतो, बीएलडीसी पंखा साधारण ३० वॅट. दिवसाला १२ तास, वर्षाचे ३०० दिवस धरले तर एका पंख्यामागे १६२ युनिटचा फरक पडतो. आठ रुपये युनिट धरून वर्षाला सुमारे १,३०० रुपये. घरात सात पंखे असतील तर नऊ हजारांच्या वर. पंखा निवडणारा एक आणि वीजबिल भरणारा दुसरा असला की, ज्यात निवडणाऱ्याला जास्त सुटते तोच पंखा छताला लागतो.

वॉरंटीचेही तसेच. ती सहसा बिलाच्या तारखेपासून सुरू होते. 'स्कीम चालू आहे' म्हणून श्रावणात घेतलेला गीझर अक्षय्य तृतीयेच्या वास्तुशांतीपर्यंत खोक्यातच राहिला, तर वॉरंटीचे आठ-नऊ महिने खोक्यातच संपतात. आणि बिल कंत्राटदाराच्या नावावर असेल, तर तक्रार करताना पहिली शोधाशोध त्या बिलाचीच.

मग करायचे काय?

सगळे स्वतः आणणे हा एक मार्ग, पण नोंद वहीत पडणारच आणि माप चुकले तर दोष आपला. सगळे त्याच्यावर सोपवायचे, तर करारात प्रत्येक उपकरणाचा मेक, मॉडेल क्रमांक आणि स्टार लिहून घ्यावेत. 'किंवा तत्सम' हे दोन शब्द खोडावेत. मला तिसरा मार्ग सर्वांत बरा वाटतो: उपकरणांची बिले थेट आपल्या नावावर, आणि निवड, वाहतूक, बसवणे व देखरेख यांसाठी कंत्राटदाराला ठरावीक रक्कम. टक्केवारी नको, कारण टक्केवारीत महाग वस्तू आणली की मोबदलाही वाढतो. त्यासोबत एक ओळ: दुकानदाराकडून मिळणारी प्रत्येक सवलत मालकाच्या खात्यात.

हे सगळे शिकून मी आमच्या कंत्राटदारासमोर गीझरचे अकराशे रुपये काढले. तो चिडला नाही. म्हणाला, "सर, चौरस फुटाच्या दरावरून तुम्ही माझ्याशी दोन रविवार घासाघीस केलीत. शेवटी मी हो म्हटलं, कारण काम हवं होतं. त्या दरात माझं काही उरत नाही हे तुम्हालाही माहीत होतं. मग ते मी कुठून काढायचं?"

मला उत्तर सुचले नाही. समोरचा माणूस नफ्याशिवाय काम करील, असे मी दोन रविवार धरून चाललो होतो. त्याने तो नफा मी पाहत नव्हतो तिथून काढला. उरलेल्या कामासाठी आम्ही देखरेखीची रक्कम कागदावर लिहिली. ती माझ्या मूळ अंदाजापेक्षा जास्त होती. पुढच्या खेपेला दिवे आणि पंखे आणायला आम्ही दोघे मिळून गेलो. दुकानदाराने वही उघडली, आमच्याकडे आळीपाळीने पाहिले, आणि तो प्रश्न न विचारताच दर सांगितला.