टोकियोची खेळणी, व्हाया गोदाम

जपानमधले कित्येक विक्रेते देशाबाहेर माल पाठवतच नाहीत. १९७०च्या दशकातली टोमिकाची खेळण्यातली गाडी स्क्रीनवर दिसते, पण पत्ता जपानचाच हवा. तो पत्ता पार्सल फॉरवर्डिंग सेवा देते : गोदामाचा पत्ता आणि त्यात तुमचा सदस्य क्रमांक. क्रमांक लिहायला विसरलात, तर पार्सल कुणाचं हेच गोदामाला कळत नाही. विक्रेता परदेशी कार्डच घेत नसेल, तर तुमच्या वतीने खरेदी करणारा मध्यस्थ लागतो. ती सेवा वेगळी, कमिशनही वेगळं.

खरी गोम वजनात आहे. कुरिअर कंपन्या बहुधा लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५०००ने भागतात आणि येणारे किलो खऱ्या वजनापेक्षा जास्त असतील, तर तेच धरतात. गंडम रोबोच्या मॉडेल-किटचा ४०×३०×२५चा खोका भरतो दोन किलो, पैसे मात्र सहा किलोंचे. खोका काढून टाका, असं कुणी सुचवेल. संग्राहकाला ते सांगून पाहा! त्यापेक्षा चार-पाच लहान खरेद्या गोदामात साठवून एकाच पार्सलात मागवाव्यात, मात्र फुकट साठवणुकीची मुदत बघून.

भारतात केवायसी आणि सीमाशुल्क आहेच. ते वाचवायला किंमत कमी दाखवू नये. पार्सल हरवलं तर भरपाईही तेवढीच मिळते.