घरून काम, पण एकट्याने नको

काही महिन्यांपूर्वी पंचेचाळिशीचे एक गृहस्थ डोकेदुखी व अपुऱ्या झोपेची तक्रार घेऊन माझ्याकडे आले. आईला पक्षाघात झाल्यापासून दोन वर्षे ते घरूनच काम करीत होते. रक्तदाब, साखर, थायरॉइड, सारे ठीक होते. अखेर मी विचारले, "कामाव्यतिरिक्त एखाद्या सहकाऱ्याशी शेवटचे कधी बोललात?" त्यांना आठवेना.

वाचकहो, २०२०च्या टाळेबंदीनंतर अनेक घरांत कार्यालय शिरले. रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांना त्याचा मोठाच आधार झाला. मात्र दुपारचा एकत्र डबा, टपरीवरचा चहा आणि 'आज चेहरा का उतरलाय?' असे विचारणारे माणूस हरपले. पडद्यावरच्या मीटिंगमध्ये बोलणे होते ते केवळ कामाचे. मनावरचा भार उतरवायला जागाच उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५च्या अहवालानुसार जगात सहापैकी एक व्यक्ती एकाकीपणाने ग्रासलेली आहे. एकाकीपणामुळे हृदयविकार, पक्षाघात व नैराश्याचा धोका वाढतो.

घरून काम करणाऱ्यांनी पुढील पथ्ये पाळावीत:

• आठवड्यातून दोनदा एखाद्या सहकाऱ्याला फोन करावा. संदेश पाठवून भागवू नये. कामाचा विषय काढू नये.

• घरातील आजारपण निदान एका सहकाऱ्याला मोकळेपणाने सांगावे. अडचणीच्या दिवशी तोच सांभाळून घेतो.

• शक्य असल्यास महिन्यातून एक दिवस कार्यालयात जावे. दूर असल्यास गावातीलच सहकाऱ्याला चहाला बोलवावे.

• दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक वा उत्साह हरवल्यास डॉक्टरांना भेटावे. 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

ज्येष्ठ वाचकहो, आता थोडे आपल्याशी. मुलगा वा सून दिवसभर घरात दिसते, म्हणून ती मोकळी आहे किंवा तिला सोबत आहे, असे समजू नका. फोनवर हसण्याचा आवाज आला, तर 'काम सोडून गप्पा' असे म्हणू नका. ते हसणे औषधच आहे.

त्या गृहस्थांच्या आईंना मी हेच सांगितले. त्यांनी शेजारणीला सोबतीला बोलावले आणि अडखळत्या शब्दांत मुलाला म्हणाल्या, "जा, भेटून ये सगळ्यांना." आता महिन्यातून एकदा ते कार्यालयात जातात. डोकेदुखीची गोळी अद्याप लागते, पण क्वचितच.