पंचनाम्यात न आलेला दिवा

उसाचा गाळप हंगाम सुरू झाला की मोरगाव-बारामती परिसरातील रस्त्यांवर रात्री-अपरात्री ट्रॅक्टर-ट्रॉल्या उभ्या दिसतात. टायर पंक्चर असते, हूक तुटलेला असतो, नाहीतर ड्रायव्हर चहाला गेलेला असतो. मागे दिवा नाही आणि रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. कामावरून घरी निघालेला मोटारसायकलस्वार त्यावर आदळतो आणि पंचनाम्यात ठरलेले वाक्य येते, 'मयताने पाठीमागून जोरात धडक दिली.' मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ प्रमाणे धोकादायक रीतीने वाहन उभे करणे हाच मुळात गुन्हा आहे, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

अशाच एका शेतमजुराची विधवा काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आली. पंचनामा दुसऱ्या दिवशी दुपारी झाला होता, तोवर ट्रॉली रस्त्याच्या कडेला ओढलेली. सारा खटला एकाच प्रश्नावर होता, मागचा दिवा चालू होता काय? उत्तर ट्रॉलीतच होते. धडकेच्या क्षणी बल्ब पेटलेला असेल तर त्यातील टंगस्टनची तापलेली तार मऊ असल्याने ताणली जाते, वेडीवाकडी होते. बल्ब बंद असेल तर थंड तार तशीच राहते किंवा कडक मोडते. पेटलेल्या बल्बची काच फुटली तर तारेवर पांढरट-पिवळसर थर येतो. हे भिंगाखाली पाहता येते, त्यासाठी परदेशी प्रयोगशाळा लागत नाही. परंतु तो बल्ब कुणी काढून सीलबंद केलाच नाही. ट्रॉली सुपूर्तनाम्यावर मालकाकडे गेली. वाहन तपासणीच्या अहवालात ब्रेकचा उल्लेख होता, दिव्याविषयी अवाक्षर नव्हते.

वेगाचेही तसेच. कोरड्या डांबरी रस्त्यावर चाके जाम होऊन गाडी वीस मीटर घसरत थांबली असेल, तर घर्षणाचा गुणांक ०.७ धरून तिचा वेग ताशी सुमारे साठ किलोमीटर निघतो. चाळीस मीटर घसरली तर सुमारे चौऱ्याऐंशी. दुप्पट खुणेला दुप्पट वेग नसतो, हे उलटतपासणीत विचारले की भलेभले साक्षीदार गडबडतात. हे गणित आपल्या माणसाच्या विरुद्धही जाऊ शकते. गेले तर मान्य करावे लागेल. पण त्यासाठी आधी कुणी टेप लावून खूण मोजली पाहिजे, आणि वाळू-खडी असल्यास तेही लिहिले पाहिजे.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. मिस्त्री व जहांगीर पंडोल मरण पावले. गाडी बनविणाऱ्या कंपनीने गाडीतील नोंदी वाचून पोलिसांना सांगितले, की धडकेपूर्वी पाच सेकंद ब्रेक दाबला गेला, तेव्हा वेग ताशी शंभर होता आणि धडकेच्या वेळी एकोणनव्वद. अशी तपासणी झाली याबद्दल तक्रार नाही. मजुराच्या मृत्यूला मात्र साधा टेपही मिळू नये काय?

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७६(३) मध्ये न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे, पण सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांपुरती. निष्काळजीपणाने मृत्यूला न्याय संहितेच्या कलम १०६(१) मध्ये पाच वर्षांपर्यंत शिक्षा. म्हणजे आपल्या रस्त्यावरचा मृत्यू या तरतुदीच्या बाहेरच राहिला. ट्रॉलीचा ड्रायव्हरही बहुधा गरीबच, आरोपी तोच होतो. दिव्याचे पैसे वाचविणारा मालक घरी असतो.

सर्वोच्च न्यायालयाने जिजू कुरुविला खटल्यात २०१३ साली म्हटले, की पंचनाम्यात दाखविलेल्या वाहनांच्या स्थितीवरून तेवढ्याने निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. तरीही त्या भगिनीच्या दाव्यात निम्मा दोष मयतावर पडला व भरपाई निम्मी झाली. म्हणून वस्तीतील तरुणांना सांगतो, जखमीला दवाखान्यात पोहोचविले की एकाने मोबाईलवर मागच्या दिव्याचा, रिफ्लेक्टरचा, टायरच्या खुणांचा फोटो काढावा, वाहन हलविण्यापूर्वी.

अपिलाच्या तयारीत आम्ही त्या ट्रॉलीचा शोध घेतला. ती भंगारात गेली होती.